विक्रोळीची अक्षरे किती

ज्या वस्तू एकामागून एक अशा ठरावीक क्रमाने उभ्या असतात, ज्यांतील कोणतीही वस्तू तिच्या क्रमांकावरून मागता येते आणि ज्यांची एकंदर संख्या केव्हाही विचारता येते, अशा समुदायाला प्रोग्रामिंगच्या व्यवहारात सीक्वेन्स म्हणतात; आणि पायथन किंवा जावा यांसारख्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांमध्ये काम करणाऱ्या माणसाला भाषेने तयार करून दिलेले सीक्वेन्स, म्हणजे लिस्ट, टपल, स्ट्रिंग इत्यादी, बहुतेक कामांना पुरतात. जेव्हा ते पुरेनासे होतात तेव्हा त्यांच्याभोवती आपला स्वतःचा एक क्लास लिहावा लागतो. आत मूळची सामग्री तशीच ठेवायची आणि बाहेरच्या जगाला मात्र ती आपल्या हिशेबाने दाखवायची, एवढेच त्या रॅपर क्लासचे काम. त्याची लांबी पुष्कळदा छापील पानभरसुद्धा होत नाही, आणि म्हणून कचेरीच्या कामवाटपात तो किरकोळ समजून नवख्या माणसाकडे सोपवण्याची चाल आहे. माझे मत याहून निराळे आहे. आजवरच्या नोकरीत ज्या कामाने मला माझ्या पेशाविषयी आणि माझ्या भाषेविषयी एकाच वेळी विचार करावयास लावले, ते काम असा एक क्लास लिहिण्याचेच होते. म्हणून त्याची हकीकत तपशिलासह नोंदवून ठेवावी असे मनात आले.

आमची कचेरी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत होती. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सरकारने वसवलेले सीप्झ तेथून जवळच. त्याच्या नावात सांताक्रूझ असले तरी त्याची वेस अंधेरीतच येते, आणि या देशातील सॉफ्टवेअरच्या धंद्याचा पहिला मोठा बाजार ज्या जागी भरला त्यांत त्याची गणना करावी लागते. बोरिवलीहून जलद गाडीने अंधेरी आणि तेथून मेट्रोने मरोळ नाका, असा माझा नित्याचा मार्ग असे. एका मराठी दिवाळी अंकासाठी शब्दकोडी रचण्याचे साधन तयार करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा कचेरीतील मराठी वाचणारी मंडळी थोडी असल्यामुळे त्यातला शब्दांचा भाग माझ्याकडे आला. संपादकांची अपेक्षा सरळ होती: शब्दांची यादी द्यावी, यंत्राने ते शब्द आडवे-उभे एकमेकांत गुंफावेत, जेथे दोन शब्द छेदतात तेथे दोहोंचे अक्षर एकच असावे, आणि कोडे छापखान्यात जाण्याजोगे तयार व्हावे.

शब्दकोडे सोडवणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला त्याचा एक नियम कोणी न शिकवता ठाऊक असतो. एका घरात एक अक्षर लिहावयाचे, आणि ते अक्षर त्याच्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांसह लिहावयाचे. जोडाक्षर असेल तर ते सबंध जोडाक्षर एकाच घरात बसवावयाचे. त्यामुळे अंधेरी तीन घरांची, मुलुंड तीन घरांचे, घाटकोपर पाच घरांचे आणि बोरिवली चार घरांची, याविषयी दोन वाचकांत कधी मतभेद होत नाही. परंतु पायथनच्या स्ट्रिंगला विक्रोळीची लांबी विचारली की ती आठ असे उत्तर देते. हे आठ कसे होतात हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे: व, त्यावरची पहिली वेलांटी, क, पाय मोडण्याचे चिन्ह, र, ओकार, ळ आणि त्याची दुसरी वेलांटी. यंत्राच्या दृष्टीने या आठही जणांचा दर्जा समान. प्रत्येकाला स्वतंत्र संकेतांक, प्रत्येकाला रांगेत स्वतंत्र जागा. हीच स्ट्रिंग उलट्या क्रमाने मागितली तर पडद्यावर प्रथम एक निराधार वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते, मागून ळो येतो, क्रोच्या जागी र्कि तयार होतो आणि अखेरीस उघडा व उरतो. आमच्या विक्रोळीतील क आणि र यांनी परस्परांच्या जागा घेतल्यावर रकाराचा रफार झाला, वेलांटी भलत्याच व्यंजनाच्या पदरात पडली, आणि मराठीत कोणी कधी न उच्चारलेला एक शब्द जन्माला आला.

दिवाळी अंकाचे मुद्रितशोधक वयाने ज्येष्ठ होते आणि मुलुंडला राहत. मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरून मेट्रोने ते आमच्याकडे येत, आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. मी त्यांच्यासमोर कागद ठेवून विचारले, "काका, विक्रोळी हा शब्द तुम्ही किती घरांत बसवाल?" त्यांनी चष्मा वर सरकवून कागदावर पेन्सिलीने तीन चौकोन काढले आणि प्रत्येकात एकेक अक्षर लिहीत म्हणाले, "वि, क्रो, ळी. तीन. यात विचारायचं काय आहे, अगं?" मी म्हटले, "यंत्र आठ म्हणतं." त्यावर ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग ते खिळे मोजत असेल, अक्षरं नाही. जुळाऱ्याच्या पेटीतसुद्धा वेलांट्यांचे खिळे निराळेच असायचे. पण म्हणून वेलांटीला कोणी घर दिलं नाही." छापखान्यात आयुष्य काढलेल्या त्या माणसाने एका वाक्यात साऱ्या प्रश्नाची मांडणी करून दिली होती. साठवण्याचे एकक एक असते, वाचण्याचे एकक दुसरे असते, आणि आमच्या क्लासचे काम या दोहोंच्या मध्ये उभे राहून वाचणाऱ्याच्या बाजूने हिशेब देण्याचे होते.

यंत्राने अशी मोजणी का पत्करली यालाही कारणे आहेत आणि ती अनुदार मनाने पाहू नयेत. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्की नावाची जी सांकेतिक योजना प्रमाण ठरवली, तिच्यात स्वर, व्यंजने आणि स्वरचिन्हे यांना निरनिराळे संकेत देऊन जोडाक्षरे त्यांच्या संयोगाने घडवण्याची तजवीज होती. युनिकोडने देवनागरीचा आपला विभाग त्याच परंपरेतून मांडला. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र संकेत द्यावयाचा म्हटले असते तर त्यांची यादी कोठे संपवावी हेच कळले नसते. मोजक्या घटकांतून अगणित अक्षरे घडवण्याची ही रीत लिपीच्या मूळ स्वभावाला धरून आहे. घटक जुळून पडद्यावर सुंदर अक्षर उमटावे यासाठी ज्यांनी कष्ट घेतले त्यांत आमच्या उपनगरांचा वाटा मोठा आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अक्षरांचे अध्यापन केले, पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकीय अक्षरांवर काम केले, आणि विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचलेला मंगल हा देवनागरी फाँट त्यांनीच घडवला. अक्षर दिसावे कसे हा प्रश्न अशा रीतीने सुटत गेला. अक्षर मोजावे कसे हा प्रश्न मात्र प्रत्येक प्रोग्रामरच्या दारात तसाच उभा राहिला, कारण पडद्यावर शब्द नीट उमटलेला दिसला की आतली मोजणी कोणी तपासून पाहत नाही.

क्लास लिहिण्याचे दोन मार्ग समोर होते. पहिला मार्ग वारशाचा: पायथनच्या स्ट्रिंगलाच पूर्वज मानून तिच्यापासून आपला क्लास काढावा, आणि लांबी सांगणारी व क्रमांकावरून घटक देणारी अशा दोनच मेथड बदलून घ्याव्यात. हा मार्ग फार मोहक आहे, कारण शोधणे, तोडणे, जोडणे, बदलणे अशी स्ट्रिंगची सगळी कौशल्ये विनासायास पदरात पडतात. परंतु वारशात मालमत्तेबरोबर देणीही येतात. असा क्लास लिहून त्याला विक्रोळीची लांबी विचारली की तीन असे बरोबर उत्तर मिळते. फॉर लूपने त्याचे घटक एकेक करून छापावयास सांगितले की मात्र आठ तुकडे बाहेर पडतात, कारण फेरी मारण्याचे स्ट्रिंगचे स्वतःचे यंत्र आपण बदललेल्या मेथडला विचारीतच नाही. त्याहून नवल असे की तेच घटक रिव्हर्स्ड या फंक्शनने उलट क्रमाने मागितले तर तीनच येतात. स्ट्रिंगपाशी उलट फेरीचे वेगळे यंत्र नसल्यामुळे तेथे लांबी आणि क्रमांक यांच्याच आधारे काम चालते, आणि त्या दोन मेथड आपल्या असतात. पुढून आठ आणि मागून तीन अशी ज्याची संख्या, त्याला अनुक्रम म्हणावे तरी कसे? हा दोष पायथनपुरता नाही. जोशुआ ब्लॉक यांच्या इफेक्टिव्ह जावा या २००१ सालच्या पुस्तकात, तयार संचापासून वारसा घेऊन घातलेल्या वस्तू मोजू पाहणारा क्लास दुप्पट संख्या कशी सांगतो याचे उदाहरण आहे. पूर्वज आपल्या मेथड आतल्या आत कशा वापरतो हे वंशजाला ठाऊक नसते आणि ते ठाऊक असावे असा करारही झालेला नसतो.

दुसरा मार्ग संयोगाचा, आणि तोच आम्ही पत्करला. आमचा क्लास स्ट्रिंगचा वंशज नव्हता; तो आपल्या पोटात अक्षरांचा एक टपल बाळगून होता. पायथन ३ मध्ये नावे देवनागरीतही देता येतात, म्हणून सर्वांच्या संमतीने आम्ही त्याचे नाव अक्षरमाला असे ठेवले. मूळ शब्द हाती आला की तो डावीकडून उजवीकडे एकदाच वाचावयाचा. स्वर किंवा व्यंजन आले की नवे अक्षर सुरू करावयाचे, स्वरचिन्ह, अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू आले की ते आधीच्या अक्षराला जोडावयाचे, आणि पाय मोडण्याच्या चिन्हानंतर जे व्यंजन येईल तेही त्याच अक्षरात सामावून घ्यावयाचे. ही फोड वस्तू निर्माण होतानाच पुरी करून ठेवली, कारण प्रत्येक वेळी क्रमांक विचारल्यावर शब्द आरंभापासून वाचीत बसलो तर लांब यादीवर फेरी मारण्याचा खर्च लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो.

पायथनच्या ग्रंथालयात सीक्वेन्स नावाचा एक अमूर्त क्लास आहे. त्याची मागणी दोनच गोष्टींची: लांबी सांगा आणि क्रमांकावरून घटक द्या. एवढे दिले की घटक आहे की नाही ते पाहणे, फेरी मारणे, उलट फेरी मारणे, घटकाचा क्रमांक शोधणे आणि तो किती वेळा आला ते मोजणे, या पाच गोष्टी तो स्वतः त्या दोहोंतून निष्पन्न करून देतो. जावाच्या ॲबस्ट्रॅक्ट लिस्टची रचनाही अशीच आहे; तेथेही गेट आणि साइझ या दोन मेथड लिहिल्या म्हणजे वाचनापुरती लिस्ट उभी राहते. या व्यवस्थेतील सौंदर्य मला तेव्हा प्रथम जाणवले. वारशाच्या मार्गाने मिळालेली कौशल्ये पूर्वजाच्या एककाशी इमान राखतात. येथे मिळालेली पाचही कौशल्ये मी दिलेल्या दोन उत्तरांवरच उभी असल्यामुळे त्यांचे इमान माझ्या एककाशी होते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ सालच्या आपल्या व्याख्यानात जो विचार मांडला, की एखाद्या प्रकाराच्या जागी त्याचा उपप्रकार ठेवला तर त्यावर विसंबून असलेल्या प्रोग्रामच्या वागणुकीत फरक पडू नये, त्याचा अर्थ पुस्तकात वाचून जेवढा कळला होता त्याहून अधिक या पानभर क्लासने कळवला. अक्षरमालेला स्ट्रिंगच्या जागी ठेवता येत नाही, कारण दोघांची मोजणी निराळी आहे. म्हणून तिने स्ट्रिंगचा वंशज म्हणवून घेऊ नये हेच न्याय्य. सीक्वेन्सच्या जागी मात्र ती निःशंकपणे उभी राहू शकते.

दोनच मेथड असल्या तरी त्यांतील बारकावे पाळावे लागतात, आणि वेळ जातो तो तेथे. रांगेच्या पलीकडचा क्रमांक मागितला तर इंडेक्स-एरर उठवलाच पाहिजे. तेथे सौजन्य म्हणून रिकामे उत्तर दिले तर सीक्वेन्सची फेरी थांबत नाही, कारण त्या एररवरूनच तिला शेवट कळतो. उणे एक म्हणजे अखेरचे अक्षर, ही पायथनची रूढी पाळावयाची. तुकडा मागितला, म्हणजे स्लाइस आला, तर उत्तरही अक्षरमालाच असली पाहिजे. नाहीतर घाटकोपरमधून पहिली दोन अक्षरे काढताच ती साधी टपल होतात आणि पुढचा प्रोग्राम गोंधळतो. घटक आत आहे का, या प्रश्नाचे उत्तर तर पुरे पालटते. साध्या स्ट्रिंगला विक्रोळीत क आहे का असे विचारले तर ती होय म्हणते, रो आहे का असे विचारले तरीही होय म्हणते. शब्दकोड्याच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे खोटी, कारण त्या शब्दात क्रो आहे, आणि त्याच्या घरातून दुसरा शब्द न्यावयाचा तर त्या शब्दातही क्रोच असावयास हवा. वस्तू एकदा निर्माण झाल्यावर बदलता येऊ नये, दोन अक्षरमाला समान असतील तर त्यांचा हॅशही समान यावा, या खबरदाऱ्या घेतल्या तेव्हा कुठे ती शब्दांच्या कोशात किल्ली म्हणून वापरण्यास योग्य झाली. क्रमांक शून्यापासून ठेवले. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात शून्यापासून मोजण्याची जी कैफियत मांडली आहे ती मला पटलेली आहे. कोड्याच्या चौकटीवर छापले जाणारे आकडे मात्र एकापासूनच असत, आणि एकाची भर घालण्याचे काम छपाईच्या टोकाला, एकाच जागी ठेवले.

समानतेच्या प्रश्नाने आम्हांला मराठीच्या अधिक खोल पाण्यात नेले. डोंगरदऱ्या या शब्दातला अर्धचंद्राकृती रकार संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱचा पाय मोडून, किंवा साध्या रचा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. वाचकाला दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. तीच गत ॲ या स्वराची. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत त्याला ऑबरोबर स्थान मिळाले. तत्पूर्वीच्या मजकुरात तो अवर चंद्र ठेवून लिहिलेला सापडतो. युनिकोडचे सामान्यीकरण या जोड्यांना एक करीत नाही. म्हणून अक्षरमाला बांधतानाच हे पर्याय एका रूपात आणण्याची तजवीज केली, आणि मूळ मजकूर छपाईसाठी वेगळा जपून ठेवला. शब्दांच्या यादीचा अनुक्रम लावतानाही असेच घडले: युनिकोडमध्ये ळ हा लच्या शेजारी बसला आहे, पण शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत तो हनंतर येतो आणि त्याच्यामागून क्ष आणि ज्ञ येतात, म्हणून यंत्राच्या संकेतांकांनुसार लावलेली यादी पाहून कोणताही मराठी वाचक ती चुकली असे म्हणाला असता. तुलनेची मेथड वर्णमालेच्या क्रमाने लिहिली तेव्हा यादी वाचण्याजोगी झाली.

तपासणीसाठी आम्ही उपनगरांतील स्थानकांची नावे घेतली, कारण कचेरीतील प्रत्येकाला ती तोंडपाठ होती आणि उत्तर बरोबर की चूक हे कोणीही सांगू शकत असे. जोगेश्वरीत श्व हे जोडाक्षर, विलेपार्ल्यात रफार, कांदिवलीत काना आणि अनुस्वार एकाच अक्षरावर, बोरिवलीत डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसणारी पण साठवणुकीत त्याच्या नंतर येणारी वेलांटी: लिपीच्या बहुतेक सर्व चालीरीती चर्चगेट ते विरार आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते मुलुंड एवढ्या अंतरात भेटतात. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या राम मंदिर स्थानकाने एक नवा प्रश्न विचारला. त्या नावात मोकळी जागा आहे. ती जागा घटक म्हणून मोजावी का? शब्दकोड्यात ती गळते आणि नाव पाच घरांत बसते. यादी छापताना ती गाळली तर नाव विद्रूप दिसते. काकांचा निर्णय विचारला तेव्हा ते म्हणाले, "कोड्यात पाच घरं. पण खाली उत्तरं छापाल तिथे जागा सोडा." आम्ही तसेच केले.

याहून अवघड प्रश्न जुन्या लेखनातील व्यंजनान्त शब्दांनी उभा केला. १९६२ सालच्या लेखननियमांपूर्वी अर्थात् हा शब्द पाय मोडून लिहीत. त्या अखेरच्या त् ला घर द्यावे की नाही? छंदःशास्त्राच्या हिशेबाने त्या शब्दाची अक्षरे दोनच. पाय मोडका वर्ण आधीच्या अक्षराला गुरुत्व देतो, स्वतः मोजला जात नाही. कोड्यात मात्र तो लिहावयाचा तर त्याला जागा हवीच. मराठी माणसाने अक्षरे मोजणे हे काही संगणकापासून सुरू केलेले नाही: मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा आणि चार ही बांधणी, भुजंगप्रयाताची बारा, मंदाक्रांतेची सतरा आणि शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे, ही सारी मोजणी शतकानुशतके बोटांवर होत आली आहे. तरीही कवीची मोजणी आणि कोडे रचणाऱ्याची मोजणी या एका वर्णाशी येऊन फुटतात. तेव्हा माझ्या ध्यानात आले की एकाच मजकुराला एकाहून अधिक रॅपर क्लास असणे यात काही वावगे नाही. पोटातला शब्द तोच. एक क्लास त्याला कोड्याची घरे म्हणून दाखवील, दुसरा छंदाची अक्षरे म्हणून दाखवील, आणि दोघेही आपापल्या क्षेत्रात खरे असतील, मात्र प्रत्येकाने आपले एकक आरंभी जाहीर करावे आणि लांबी, क्रमांक, फेरी, शोध, तुलना या प्रत्येक व्यवहारात तेच पाळावे.

सीक्वेन्सचा क्लास लिहिणे म्हणजे या जगात एक म्हणून काय मोजावयाचे याचा निर्णय देणे होय. तो निर्णय यंत्राच्या सोयीवर सोपवता येतो आणि बहुधा तसेच घडते. विक्रोळी या एका नावाची लांबी यूटीएफ-८ च्या बाइटांत मोजली तर चोवीस, कोडपॉइंटांत, म्हणजे संकेतांकांत, मोजली तर आठ, युनिकोडच्या दृश्य घटकांच्या जुन्या नियमाने मोजली तर चार, कारण त्या नियमाप्रमाणे क् आणि रो अलग पडत. २०२३ साली निघालेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम स्वीकारला, आणि तेव्हा त्या मोजणीत तीन हे उत्तर आले, म्हणजे काकांनी पेन्सिलीने काढलेले तीन चौकोन. जगभरच्या तज्ज्ञांच्या मंडळाला आमच्या लिपीचे एकक मान्य झाले याचा मला खरोखर आनंद झाला. पण ते मान्य होण्यास इतका काळ लागला यावरून हेही दिसते की ज्यांची ही लिपी आहे त्यांनी आपले एकक स्वतः लिहून, तपासून आणि चालवून दाखवल्यावाचून ते आपोआप कोणाच्या ध्यानी येत नाही.

हे काम शब्दकोड्यापुरते राहू नये अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. मोबाइलवरच्या देवनागरी एसएमएसला सत्तर कोडपॉइंटांची मर्यादा असते. ती वेलांट्या आणि अनुस्वार मोजूनच पुरी होते, म्हणून मराठी माणसाचा निरोप इंग्रजीतल्या निरोपापेक्षा फार लवकर तुटतो. एखाद्या अर्जात नावासाठी वीस अक्षरांची मुभा असे छापलेले असते आणि आत मात्र कोडपॉइंट मोजले जातात. तेव्हा जोडाक्षरांनी भरलेले नाव नाकारले जाते, आणि अर्जदाराला आपण कोठे चुकलो ते कळत नाही, कारण त्याने बोटांवर मोजलेली अक्षरे वीसच्या आतच असतात. अंधेरीच्या, पवईच्या, ठाण्याच्या आणि पुण्याच्या कचेऱ्यांत बसून असे अर्ज घडवणारी हजारो माणसे मराठी वाचतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या प्रोग्रामात जेथे लांबी विचारली जाते तेथे क्षणभर थांबून, ही लांबी कोणाच्या मोजणीची आहे, असा प्रश्न करावा, आणि उत्तर वाचकाच्या मोजणीशी जुळत नसेल तर तो पानभर क्लास लिहावा. त्याला लागणारे ज्ञान दुर्मीळ नाही. पहिलीच्या वर्गात फळ्यावर क, का, कि, की गिरवताना ते प्रत्येक मराठी मुलाला मिळालेले असते.